जुनी पिढी गेली म्हणून वर्णद्वेष जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील वर्णद्वेषाविषयी गेल्या आठवड्यात आपल्या संपादकीय पानावर आलेल्या लेखाचा सूर असा होता की, हा जुन्या पिढीचा आजार आहे आणि ती पिढी काळाच्या पडद्याआड गेली की तो आपोआप ओसरेल. मुंबईतील ज्या घरांतली मुले-नातवंडे न्यू जर्सीत किंवा डॅलसच्या उपनगरांत स्थायिक झाली आहेत, तेथेही हाच दिलासा वारंवार ऐकू येतो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या मला तो खोटा आणि धोक्याचा वाटतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

2015 साली चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासासाठी जमलेल्या 9 कृष्णवर्णीयांना ठार करणारा तरुण 21 वर्षांचा होता. 2022 साली बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये 10 कृष्णवर्णीयांचे प्राण घेणारा अवघा 18 वर्षांचा होता. वंशभेदाला बंदी घालणारा 1964 चा नागरी हक्क कायदा या दोघांच्या जन्माआधी कितीतरी वर्षे अमलात होता. मग हे विष त्यांच्यापर्यंत पोहोचले कसे? चार्ल्स्टनच्या मारेकऱ्याने ते स्वतःच लिहून ठेवले होते. ‘कौन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स’ या संघटनेच्या संकेतस्थळावरील मजकुराने त्याची सुरुवात झाली. ही संघटना 1980 च्या दशकात उभी राहिली ती ‘सिटिझन्स कौन्सिल’ नावाच्या जुन्या जाळ्यातील माणसांच्या आधाराने. आणि ते जाळे 1954 मध्ये, गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला विरोध करण्यासाठी मिसिसिपीत विणले गेले होते. म्हणजे आजोबांच्या पिढीने शाळेच्या दारात उभ्या केलेल्या विरोधाचा धागा नातवाच्या संगणकापर्यंत अखंड राहिला, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी तो जाणीवपूर्वक पुढे दिला.

महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच वर्षी 13 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स गावी काय घडले हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. वादग्रस्त निवडणुकीनंतर न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही ठार मारले. मोजक्याच आरोपींना झालेली शिक्षा 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पुढे 1950 मध्ये त्याच जागी राज्य शासनाने फलक उभारला आणि त्यावर या कत्तलीला ‘दंगल’ म्हणून, तिच्यामुळे दक्षिणेतील कुशासन संपले, असे नोंदवले. तो फलक 2021 मध्ये हलवण्यात आला. सत्तर वर्षे त्या रस्त्याने शाळेत जाणारी मुले काय वाचत मोठी झाली असतील, हा विचार माझ्यातील शिक्षिकेला अस्वस्थ करतो.

हा एखाद्या गावाचा अपवाद असता, तर मी एवढे लिहिले नसते. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या सैनिकांच्या वंशज स्त्रियांनी 1894 मध्ये ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संघटना स्थापन केली. गावोगावच्या चौकांत आणि न्यायालयांच्या आवारात पुतळे उभारणे हे तिचे दिसणारे काम होते. त्याहून खोल काम शाळांतून झाले. मुलांची वेगळी शाखा काढून त्यांच्याकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जात. दक्षिण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली असे म्हणणारे किंवा मालकांना क्रूर ठरवणारे क्रमिक पुस्तक नाकारावे, अशा सूचना पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात शाळांना व ग्रंथालयांना पाठवण्यात आल्या. ही पुस्तके वाचून वाढलेली मुलेच 1950 च्या दशकात मतदार, शिक्षक, पोलीस अधिकारी आणि ज्युरीतील सदस्य होती. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पोहोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य का पाठवावे लागले, याचे उत्तर या वर्गखोल्यांत शोधावे लागते.

राजकीय अतिरेकाचे मूळही येथेच आहे. 1898 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे कार्यालय जाळले, अनेकांची हत्या केली आणि लोकांनी निवडून दिलेल्या नगर प्रशासनाला राजीनामे द्यायला लावले. या उठावाचे सूत्रधार तुरुंगात गेले नाहीत, उलट काही जण सत्तेच्या पायऱ्या चढले. 6 जानेवारी 2021 रोजी निवडणुकीचा निकाल उधळण्यासाठी संसदेत शिरलेल्या जमावात फुटीर राज्यांचा झेंडा फडकत होता. त्या दिवशी ‘हे अमेरिकेत कधीच घडले नव्हते’ असे म्हणणाऱ्यांना विल्मिंग्टन कोणी शिकवलेच नव्हते.

शिक्षेला झालेला विलंबही द्वेषाला आयुष्य देतो. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींचे बळी घेणाऱ्यांपैकी पहिला दोषी ठरला 1977 मध्ये आणि शेवटचा 2002 मध्ये. मधल्या काळात हा शेवटचा आरोपी घरादारात मोकळा वावरत होता आणि आपल्या कृत्याची फुशारकी मारत होता, अशी साक्ष त्याच्या स्वतःच्या नातीने न्यायालयात दिली. आजोबांच्या विरोधात उभे राहण्याचे त्या मुलीचे धैर्य मला फार मोठे वाटते. पण तिला ते दाखवायला जवळजवळ चाळीस वर्षे उलटावी लागली, याची जबाबदारी तपास रेंगाळू देणाऱ्या यंत्रणांवर आहे.

घरांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. 1930 च्या दशकापासून सरकारी हमीची गृहकर्जे प्रामुख्याने गोऱ्या वस्त्यांनाच मिळाली आणि त्या घरांची वाढलेली किंमत मुला-नातवंडांच्या हाती गेली. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाणाऱ्या मुंबईकराला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपली माणसे या साऱ्यापासून अलिप्त आहेत, हा समज तर मुळीच बाळगू नये. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले भगतसिंग थिंड नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. 1923 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि त्यानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. वरच्या पायरीवर जागा मागितल्याने ती पायरी मोडत नाही. पायरी हलली ती कृष्णवर्णीयांच्या लढ्याने: त्याच चळवळीच्या भरात 1965 चा स्थलांतर कायदा झाला आणि पवईच्या आयआयटीतून, केईएममधून बाहेर पडलेल्या आपल्या अभियंत्यांना, डॉक्टरांना तिकडचे दार उघडले. तरीही 1987 मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्यांनी कपाळावर कुंकू लावणाऱ्या बायकांसह सर्व भारतीयांना धमक्या दिल्या, आणि त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीयाला तरुणांच्या टोळक्याने इतके मारले की त्यात त्याचा जीव गेला. ती टोळकी म्हाताऱ्यांची नव्हती.

टेक्सासने 2021 मध्ये आणि फ्लोरिडाने 2022 मध्ये वंशभेदाचा इतिहास वर्गात कसा शिकवावा यावर बंधने घालणारे कायदे केले. या राज्यांत हजारो मराठी मुले शिकत आहेत आणि त्यांच्या आई-वडिलांना शाळा मंडळाच्या सभांत बोलण्याचा अधिकार आहे. अमेरिकेतील निवडणुकांच्या बातम्यांना आपण जेवढी जागा देता, त्यातील थोडी या कायद्यांना आणि त्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांना द्यावी, आणि तेथील मराठी पालकांकडून याविषयी लिहून मागवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई