मे महिन्यात मी येत नाहीये

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई आधी गप्प होते, मग नुसतं ‘बरं’ म्हणते, आणि त्या ‘बरं’नंतर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून लिहितेय. या मे महिन्यात मी सोलापूरला येत नाहीये. कॉलेजला सुट्टी लागली की मुंबईला जाणार, डोंबिवलीला मामीकडे राहणार आणि जूनमध्ये कॉलेज उघडेपर्यंत पीएच.डी.च्या कामासाठी पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपून ठेवतात तिथे, बसणार. माझ्या गाइड मॅडमचं शिफारसपत्र दिलंय, मामीशी बोलणं झालंय. म्हणजे सगळं ठरवूनच सांगतेय. रागावू नका. रागावलात तरी जेवण सोडू नका.

आता आई म्हणेल, दिवाळीत जा की. दिवाळीची सुट्टी केवढी, त्यातले सरकारी सुट्टीचे दिवस किती! ते ऑफिस शनिवार-रविवार बंद असतं आणि मला सोमवार ते शनिवार शिकवायचे तास असतात. मग उरतो तो मे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या त्या जुन्या दगडी इमारतीत चिठ्ठी भरून द्यायची, फाइल येईपर्यंत वाट बघायची, मग एकेक पान जपून उलटायचं. कागद इतके जीर्ण की कडेचा चुरा टेबलावर पडतो. दिवसाकाठी फार पानं होत नाहीत. सलग बसल्याशिवाय हे काम होणारं नाही.

आणि गंमत बघा, विषय आपला सोलापूरचा, गिरणीतल्या बायकांचा, पण त्यांचे कागद सोलापुरात नाहीत. मुंबई इलाख्याचं लेबर ऑफिस 1921 पासून गॅझेट काढायचं, गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करायचं, ते सगळं मुंबईत. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराची जी पाहणी केली, ती इथे पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये बसून वाचली. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला पहिला. तो आपल्याकडच्या बायकांपर्यंत किती पोचला, हे मला शोधायचंय. आजी गिरणीतल्या रिलिंग खात्यातल्या, सूत गुंडाळायच्या कामाच्या, गोष्टी सांगायची तेव्हा बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे? मग!

परवा आपला फोन चालू असताना शेजारच्या काकू मागून म्हणाल्या, “पोरगी अजून शिकायलीच का?” आईने काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण पुढच्या वेळी सांग, पीएच.डी.ला नियमानेच सहा वर्षं देतात, आणि नोकरी सांभाळून करणाऱ्यांना ती पुरत नाहीत. दर सेमिस्टरला समितीसमोर उभं राहून काय केलं ते दाखवावं लागतं. माझी पाळी जुलैमध्ये आहे. म्हणून मॅडमनी आणि मी बसून उलटं कॅलेंडर केलं. जुलैत सादरीकरण, म्हणजे जूनअखेर दुसरं प्रकरण मॅडमच्या हातात, म्हणजे मे महिन्यात कागद बघून झालेले हवेत. मी आधी भलीमोठी यादी नेली होती, दोन लेख, एक परिसंवाद, इंग्रजी सुधारायचा कोर्स. मॅडमनी पेनाने सगळं खोडलं आणि एवढंच ठेवलं. म्हणाल्या, उन्हाळ्यात एकच काम संपव, पण संपव. आणि रोज संध्याकाळी टिपणं त्याच दिवशी लिही. नुसते फोटो काढून ठेवलेस तर ऑगस्टमध्ये कुठला फोटो कुठल्या फाइलचा हे तुलाच कळणार नाही. पटलं मला.

बायकांना दोन वर्षं जास्त मिळतात हे मी मागे बोलून गेले होते, ते आईने नेमकं लक्षात ठेवलं असणार. मिळतात. पण मॅडम म्हणतात ती अडीअडचणीसाठी, आजारपणासाठी, बाळंतपणासाठी राखून ठेवायची. शेवटचा शब्द वाचून आई कुठला विषय काढेल ते मला माहीत आहे. तो या पत्रात नको.

माझी काळजी करू नका. मामीने आतली खोली दिलीय, पंखा आहे, खिडकी आहे. सकाळी लेडीज डब्यातून जायचं, सीएसएमटीला उतरून चालत काळा घोडा. डबा मामी देणार. तिच्याकडे पोळ्याच असतात, त्यामुळे कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी इथून बांधून नेणार आहे, अजून पुरेशी आहे. तासिका तत्त्वावर मे महिन्याचा पगार नसतो हे तुम्हाला माहीत आहे, पण त्याची सोय जानेवारीपासून करत आलेय. बाबा, पैसे पाठवायचे नाहीत. पाठवलेत तर परत पाठवीन.

आता खरी गोष्ट. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी पुढे ढकलायचं नाही. दादाने हैदराबादहून रजा टाकलीय, वहिनीही येतेय. दादा येतोय म्हणून माझी गरज नाही असं मी म्हणत नाही, मलाही त्या दिवशी तिथे असायचं होतं. पण मोतीबिंदू पिकू द्यायचा, थंडीत काढायचा, हे जुनं झालं. हल्ली उन्हाळ्यातही करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. फार पिकू दिला तर उलट काढायला अवघड जातो. साखर आधी तपासून घ्या. नंतरचे थेंब काही आठवडे घालावे लागतात. डॉक्टर वेळा सांगतील त्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे पाण्याच्या दिवशी, नळ रात्री दोनला येवो की पहाटे चारला, बाबांनी उठायचं नाही. मोटार दादा लावेल. तो गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या मुलाला सांगितलंय, तो लावणार आहे. ‘लोकांना कशाला त्रास’ हे ऐकून घेणार नाही. आई, तूही बादल्या घेऊन जिना चढू नकोस. बीपीची गोळी सकाळचीच घे, आठवेल तेव्हाची नाही. आणि बारा ते चार गच्चीवर पापड बघायला जायचं नाही, वाळतात ते आपले आपण.

बाबा, तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून पार्क चौकातून न्यायचात आणि चार हुतात्म्यांची नावं म्हणायला लावायचात. धनशेट्टी, सारडा, शिंदे यायचे; कुर्बान हुसेन मी प्रत्येक वेळी विसरायचे, आणि तुम्ही पुतळ्यांना परत एक फेरी मारायचात. खरं सांगू, दुसऱ्या फेरीसाठी विसरायचे. सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉच्या, त्या चौघांच्या काळातल्या, फाइली समोर येतील तेव्हा तुम्ही शेजारी असता तर, असं फार वाटतं. रोज रात्री नऊला फोन करीन, काय वाचलं ते सांगीन. ऑपरेशननंतर तुम्हाला वाचता येणार नाही ते दिवस मीच वाचून दाखवीन.

जुलैत सादरीकरण झालं की दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येते. नक्की.

तुमची,
छकुली

ता. क. आजीच्या पेटीत गिरणीचं हजेरीचं कार्ड आणि काही पावत्या होत्या. आई, तू माळ्यावर चढू नकोस, दादा काढेल. फोटो फ्लॅश न लावता काढून पाठवा. आणि बाबा, त्याला लॅमिनेशन करून आणायचं नाही.