दरडोई उत्पन्नाशेजारी किराण्याचा खर्चही छापा: वित्त व नियोजन मंत्र्यांना खुले पत्र

मा. वित्त व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात माझे किराणा दुकान आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात राज्याची आर्थिक पाहणी येते, ती मी मन लावून वाचतो. तीत जिल्हावार दरडोई उत्पन्न असते आणि कोणता जिल्हा पुढे, कोणता मागे ही चर्चा त्यावरच चालते. त्याच्या शेजारी विभागवार किराणा खर्चाचा तक्ता छापावा, एवढीच माझी मागणी आहे.

जिल्ह्याच्या हद्दीत जे निर्माण होते, ते त्या जिल्ह्याचे उत्पन्न धरले जाते. चंद्रपुरात कोळसा निघतो, औष्णिक वीज तयार होते, कोरपना तालुक्यात सिमेंट बनते. हे सारे जिल्ह्याच्या नावावर चढते. वीज आणि नफा मात्र बाहेर जातात. शेजारच्या जिवतीच्या डोंगरातल्या कोलाम आदिवासी कुटुंबाकडे त्यातले काय पोचले, हे उत्पन्नाचा आकडा सांगत नाही. त्या घराचा आठवडी बाजार सांगतो.

केंद्राच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात (ऑगस्ट 2023 ते जुलै 2024) महाराष्ट्राचा माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात 4,145 रुपये आणि शहरी भागात 7,363 रुपये निघाला. पण या शहरी सरासरीत मुंबई आणि उदगीर एकत्र आहेत. याच सर्वेक्षणाच्या रचनेत राज्याचे सहा विभाग पाडलेले आहेत. किनारपट्टी वेगळी, मराठवाडा वेगळा, पूर्व विदर्भ वेगळा. म्हणजे मूळ माहिती जमा झालेली आहे. आपल्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने ती विभागवार मांडायची आहे आणि जिथे नमुना अपुरा पडेल तिथे सर्वेक्षणातली घरे वाढवायची आहेत.

फक्त रुपये मोजून मात्र भागणार नाही. देशात ग्रामीण खर्चातला सुमारे 47 टक्के वाटा अन्नाचा आहे. हा वाटा घटला की माणूस सुधारला, असे पुस्तकात शिकवतात. गावात तो दवाखान्यामुळे आणि मुलांच्या फीमुळेही घटतो, कारण तेव्हा पहिली कात्री किराण्याच्या यादीला लागते. तूरडाळीच्या जागी मसूर येते. तेलाची लिटरची पिशवी अर्ध्यावर येते. शिवाय रेशनचे धान्य फुकट मिळते, त्यामुळे धान्याचा खर्च कमी दिसतो. म्हणून माणशी किती तेल, किती डाळ, किती दूध हे किलो-लिटरमध्ये द्यावे.

आमच्या भागात सोयाबीन निघाले की उधारीची वही चुकती होते. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकले गेले. त्याच सप्टेंबरात केंद्राने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले. ही वाढ सोयाबीनच्या भावासाठी गरजेची होती, असे मी आजही मानतो. पण भाव वाढला नाही, तेल तेवढे महागले. सोयाबीन पिकवणाऱ्याच्याच घरात तेल जपून वापरायची वेळ आली. राज्याच्या सरासरीत हे दिसणार नाही. मराठवाड्याचा वेगळा आकडा असेल तरच दिसेल.

आणखी एक गोष्ट. ते सर्वेक्षण जुलै 2024 मध्ये संपले आणि लाडक्या बहिणींच्या खात्यात पहिले पैसे ऑगस्टमध्ये आले. त्या दीड हजारातले किती डाळ-दुधाला गेले आणि किती जुन्या उधारीला, हे त्या आकड्यांतून कळणार नाही. माझ्या दुकानात दोन्ही घडताना मी पाहतो. एवढी मोठी रक्कम राज्य दर महिन्याला देते, तर तिने ताटात काय बदलले हे विभागवार तपासायलाच हवे.

पुढच्या आर्थिक पाहणीत हा तक्ता द्यावा. तो तयार करताना गावोगावच्या दुकानदारांनाही विचारावे. कुठे हात आखडला आहे हे त्यांना आधी कळते, आणि माझ्यासारखे अनेक जण माहिती द्यायला तयार आहेत.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक किराणा दुकानदार