'लॉसलेस' म्हणून विकलेल्या अल्बमच्या सदोष फाइल्स बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

मानवी आवाजांच्या सॅम्पल्सवर (ध्वनिमुद्रित तुकड्यांवर) रचलेला एक इलेक्ट्रॉनिक अल्बम मी गेल्या महिन्यात आपल्याकडून फ्लॅक स्वरूपात विकत घेतला. हा अल्बम 'लॉसलेस' आहे, म्हणजे ध्वनीतील काहीही गाळलेले नाही, असे आपण विक्रीच्या वेळी स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात या फाइल्स ध्वनीतील काही भाग गाळणाऱ्या एमपी३ वरून पुन्हा फ्लॅकमध्ये बदललेल्या आहेत, अशी माझी खात्री झाली आहे. ४४,१०० हर्ट्‌झ दराच्या फाइलमध्ये सुमारे २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी मावतो. इथे मात्र प्रत्येक ट्रॅकचा वारंवारता दाखवणारा आलेख १६ किलोहर्ट्‌झवर सरळ रेषेत कापलेला दिसतो.

आपल्या प्रतिनिधींनी हा दोष म्हणजे सॅम्पल्सचा मूळ खरखरीतपणा असल्याचे कळवले. जुन्या सॅम्पलरचा (असे तुकडे वाजवणाऱ्या यंत्राचा) तसा खरखरीतपणा कलाकार मुद्दाम राखतात आणि तो मला प्रियच आहे, परंतु तो त्या सॅम्पलपुरता असतो. या फाइल्समध्ये संगणकावर घडवलेले झांजांसारखे आवाजही नेमके त्याच रेषेवर तुटतात.

आलेख बाजूला ठेवला तरी कानांना हा दोष जाणवतो. शब्दाआधी घेतलेला श्वास, ओठ सुटतानाचा बारीक आवाज, 'स' आणि 'श' यांची धार यांवरच हा अल्बम उभा आहे. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये एका प्रवचनकाराचे ध्वनिमुद्रित शब्द टेपवर पुन्हा पुन्हा वाजवून रचना केली. अशा पुनरावृत्तीत शब्दाचा अर्थ हळूहळू मागे पडतो आणि कान आवाजाच्या पोताकडे वळतो. तो पोतच इथे बिघडला आहे. शांततेतून एकदम येणाऱ्या 'ट' किंवा 'क'च्या आधी एक पुसट फुसफुस ऐकू येते, आणि तोच तुकडा शंभर वेळा फिरतो तेव्हा ती फुसफुस तालाचाच भाग होऊन बसते. शिवाय, एकमेकांत मिसळणाऱ्या ट्रॅक्सच्या सांध्यावर क्षणभर खंड पडतो.

दुसऱ्या पत्रात आपण माझे हेडफोन तपासण्यास सांगितले. त्याच हेडफोनवर माझ्या संग्रहातील इतर फ्लॅक फाइल्स निर्दोष वाजतात.

तरी कलाकाराकडून आलेल्या मूळ मास्टरवरून (अंतिम ध्वनिमुद्रणावरून) तयार केलेल्या फाइल्स मला १५ दिवसांत द्याव्यात. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. तोपर्यंत या अल्बमवरील 'लॉसलेस' हा उल्लेख काढावा आणि हा अल्बम आधी घेतलेल्या ग्राहकांनाही कळवावे. आलेखांच्या प्रतिमा आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक