बगॅसमधल्या दुसऱ्या साखरेचं काय?

संपादक महोदय,

इथेनॉलच्या बातम्यांत 'टाकाऊ बगॅसपासून इंधन' हे शब्द हल्ली हमखास असतात. साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला ते खटकतात. बगॅस म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा; १०० टन उसामागे तो ओला २८ ते ३० टन निघतो. तो पट्ट्यावरून थेट बॉयलरला जातो, त्याच्याच वाफेवर अख्खा कारखाना चालतो, वर वीजही विकली जाते. पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायला लागतो म्हणून यार्डात त्याचा ढीग जपून ठेवतात. याला टाकाऊ कोण म्हणेल?

दुसरं असं, की बगॅसमध्ये साखर एकाच प्रकारची नाही. त्याच्या तंतूंतल्या सेल्युलोजमधून ग्लुकोज मिळतं, ते डिस्टिलरीतलं यीस्ट आनंदाने खातं आणि त्याचं इथेनॉल करतं. पण कोरड्या बगॅसचा साधारण चौथा हिस्सा हेमिसेल्युलोज असतो आणि त्यातून मुख्यतः झायलोज निघतं. ही पाच कार्बनची साखर. नेहमीचं यीस्ट तिला तोंडही लावत नाही. त्यासाठी जनुकं बदललेली यीस्ट तयार करण्यात जगभरच्या शास्त्रज्ञांची उमेदीची वर्षं गेली. झायलोज सुटं करायला आम्ल आणि उष्णता लागते. ती जरा जास्त झाली की झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून फरफ्युरल नावाचं रसायन तयार होतं आणि ते यीस्टलाच मारक ठरतं.

मला म्हणायचंय ते इथेच. इथेनॉलच्या वाटेतला हा काटा स्वतःच विकाऊ माल आहे. अमेरिकेत क्वेकर ओट्सने १९२० च्या दशकात ओटच्या टरफलांपासून फरफ्युरलचं उत्पादन सुरू केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सेझेला साखर कारखान्याने तर ते बगॅसपासूनच काढलं आणि उरलेला चोथा परत बॉयलरमध्ये घातला. वाफ भरपूर खर्च होते हे खरं, पण इंधन पूर्ण हातचं जात नाही. फरफ्युरलपासून होणारी फ्युरान रेझिन फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे घट्ट करायला लागते. कोल्हापुरात फाउंड्रीही आहेत आणि साखर कारखानेही. या दोघांची गाठ कुणी घालून देईल का?

पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा प्रकल्प पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभा आहे. कौतुकच आहे. पण मला जास्त आवडला तो आसाममधला नुमालीगडचा बांबूचा प्रकल्प, कारण तिथे इथेनॉलच्या जोडीला फरफ्युरल आणि ॲसिटिक ॲसिडही धरलेलं आहे.

झायलोजमध्ये निकेल उत्प्रेरकावर हायड्रोजन मिसळला की झायलिटॉल मिळतं, च्युइंगगमला गोडी आणणारं. त्यात भाव चांगला आहे. मात्र ते 'मधुमेहींची निर्धोक साखर' म्हणून खपवू नये; रक्तातल्या झायलिटॉलचं वाढलेलं प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. कुत्र्यांना तर ते विषच. (घरी कुत्रा असेल तर च्युइंगगम वर ठेवा.)

आपल्याकडे गाळप चार-पाच महिने, मग उरलेलं वर्ष झायलोजवर चालणारा असा प्रकल्प काय खाणार? विदर्भ-मराठवाड्यात शेतातच पेटवली जाणारी कपाशीची पऱ्हाटी, दाणे काढलेली मक्याची कणसं यांतही झायलोज आहे. ती गोळा करून आणायचा खर्च किती, हे मात्र आधी कागदावर मांडायला हवं. आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या इथेनॉल प्रकल्पाच्या भूमिपूजनाला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : झायलोजचं काय करणार, आणि बगॅस नेल्यावर बॉयलरला काय घालणार?

– एक निवृत्त केमिस्ट, कराड