हिरव्या अजगराला ओलाव्याइतकाच कोरडेपणाही हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळीव अजगरांविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. ‘ग्रीन ट्री पायथन’ हा पावसाळी जंगलातला साप असल्याने त्याची पेटी सदैव ओली ठेवावी, असा सल्ला त्यात दिला आहे. तो सापाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

न्यू गिनी, आसपासची काही बेटे आणि ऑस्ट्रेलियातील केप यॉर्क द्वीपकल्प हे या अजगराचे मूळ घर. तिथे पाऊस भरपूर पडतो. पण सर ओसरली की वारा सुटतो आणि फांदीवर वेटोळे घालून बसलेल्या सापाचे अंग सुकते. बंद पेटीत वारा नसतो. तळ सतत भिजलेला राहिला तर बुरशी धरते, त्वचेवर फोड येतात आणि श्वसनमार्गाला संसर्ग होतो. मग साप तोंड किंचित उघडे ठेवून, मान उंचावून बसतो, त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि तोंडाशी फेस दिसतो. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक गाठावा.

हवा अगदी कोरडी ठेवणेही चूकच, कारण मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचा पापुद्रा अडकून राहतो. हा साप रात्री सक्रिय असतो व वेटोळ्यांवर साचलेले थेंब पितो. त्यामुळे पाण्याची फवारणी संध्याकाळी करावी आणि पुढच्या फवारणीआधी पेटी सुकू द्यावी. त्यासाठी जाळीतून हवा खेळती हवी. उबेच्या जागी सुमारे 30 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25 च्या आसपास तापमान पुरते, मात्र थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप नियंत्रित करणाऱ्या उपकरणाशिवाय) हीटर लावूच नये.

साप कुठून आणला, हा प्रश्नही लेखात यायला हवा होता. इंडोनेशियातून ‘पैदास केलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान 80 टक्के प्रत्यक्षात जंगलातून पकडलेले असल्याचा अंदाज 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला होता. पकडापकडी आणि प्रवासाने खंगलेला, बहुधा परजीवींनी ग्रासलेला असा साप ओल्या पेटीत आणखी लवकर आजारी पडतो.

लेख वाचून कुणी आजच पेटी भिजवायला घेण्यापूर्वी या सल्ल्याची दुरुस्ती, लेख छापला त्याच पानावर, ठळकपणे प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक