बूस्ट मीटरसोबत फ्यूजही द्या

संपादक महोदय,

टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारं यंत्र) असलेल्या गाडीत बाहेरून बूस्ट मीटर, म्हणजे तो दाब दाखवणारं मीटर, बसवून घेणारी तरुण मुलं वाढली आहेत. हौसेला माझा विरोध नाही. टर्बो किती दाब देतोय ते चालकाला दिसावं. पण ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून जे वायरिंग उघडावं लागतं, ते पाहून जीव धास्तावतो. लाल वायर थेट बॅटरीला, फ्यूज नाही, जोडावर नुसती टेप. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरभोवतीची कडी, नसेल तर पत्र्याची धार आवरण कापते आणि शॉर्ट झाल्यावर वायरच पेटते. सप्लाय इग्निशनवरचा, म्हणजे चावी फिरवल्यावरच चालू होणारा, हवा, फ्यूज सप्लायच्या टोकाजवळ. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला तर हातच लावू नये! विक्रेत्यांनी मीटरच्या खोक्यातच फ्यूज होल्डर आणि मराठीतली आकृती द्यावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर