कॅशलेस हवंच, पण त्यासाठी विमा कंपनी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या सभेत ‘कॅशलेस’, म्हणजे इस्पितळात आधी पैसे न भरता उपचार, हा शब्द निघाला की टाळ्या पडतात, आणि पाठोपाठ कोणीतरी उठून म्हणतो, ‘एखाद्या विमा कंपनीशी करार करा आणि मोकळे व्हा.’ पहिल्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. दुसरीला विरोध आहे, आणि तो का, ते सांगायला हे पत्र.

मी एका सरकारी खात्याच्या हिशेब शाखेत तीस वर्षं काढली. औषधोपचाराची बिलं माझ्या टेबलावरून जायची. इसेन्शियालिटी सर्टिफिकेट, म्हणजे उपचार गरजेचे होते असा डॉक्टरचा दाखला, नाही, एका पावतीवर सही नाही, रुग्णाच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही, अशा कारणांनी कित्येक बिलं मी शेरा मारून परत पाठवली. नियमच तसे होते. मग एका रात्री माझ्याच पत्नीच्या छातीत दुखू लागलं. खासगी इस्पितळात अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या आधी सगळी रक्कम भरायची होती. पतसंस्थेतून कर्ज काढलं, तिच्या पाटल्या तारण ठेवल्या. बिल तीन वेळा शेरे घेऊन परत आलं. पैसे हातात पडले ते पुढची चतुर्थी उलटल्यावर, आणि तेही मंजूर दराइतकेच. त्या दिवसांत मी परत पाठवलेल्या बिलांची माणसं एकेक करून डोळ्यांपुढे येत होती.

तरीही मी विमा कंपनी नको म्हणतो. कारण इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आजारपणाच्या खर्चाची जोखीम कोणाची, हा एक. इस्पितळात पैसे आधी कोणी मोजायचे, हा दुसरा. जोखीम आजही सरकारचीच आहे. वर्षभरात बिलं कमी येवोत की जास्त, मंजूर झालेली तिजोरीतूनच जातात. कर्मचारी भरडला जातो तो दुसऱ्या प्रश्नात, आणि तो सोडवायला जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालावी लागत नाही. इस्पितळांशी दर ठरवा, कार्ड द्या, बिलं तपासायला टीपीए, म्हणजे हेच काम करणारी तिऱ्हाईत संस्था, नेमा, पैसे सरकारच्याच निधीतून थेट इस्पितळाला जाऊ द्या. टीपीएला तिच्या कामाची फी मिळेल, नफ्या-तोट्याशी तिचा संबंध नाही. केंद्राची आपल्या कर्मचाऱ्यांसाठीची आरोग्य योजना, सीजीएचएस, 1954 पासून विमा कंपनीला हप्ता न भरताच चालली आहे. माजी सैनिकांची ईसीएचएसही 2003 पासून तशीच.

विमा त्याने घ्यावा, ज्याचं एका फटक्यात कंबरडं मोडेल. माझ्यासारख्याने घ्यावा. 2025-26 साठी सुमारे 28 हजार कोटींचं अंदाजपत्रक मांडलेल्या आपल्या राज्याचं शे-दोनशे मोठ्या शस्त्रक्रियांनी काही मोडत नाही.

केरळचा हिशेब पाहा. तिथली सरकारी कर्मचाऱ्यांची मेडिसेप विमा योजना 1 जुलै 2022 ला सुरू झाली, तेव्हा संरक्षण तीन लाखांचं होतं, कर्मचाऱ्याच्या पगारातून महिना 500 रुपये जायचे. कंपनीचा वार्षिक हप्ता तेव्हा 4,800 रुपये होता आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे माणशी 864 रुपये नुसता कर. असे दहा हजार कर्मचारी धरले तर वर्षाला 86 लाख 40 हजार रुपये एकाही रुग्णाच्या कामी येत नाहीत. करातला काही वाटा राज्याकडे परततो हे खरं, पण तो कर्मचाऱ्याच्या पगारातून गेलेला असतो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, गट विम्यावरचा मात्र राहिला.

शिवाय जोखीम खरोखर कंपनीकडे जाते ती एका करारापुरती. दावे जास्त आले की पुढच्या निविदेत हप्ता चढतो, आणि आपलाच खर्च, कंपनीचा वाटा मिळवून, आपल्याकडे परत येतो. पंजाबची विमा योजना 1 जानेवारी 2016 ला सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला संपली. कर्मचारी पुन्हा बिलं जोडत बसले.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, आहे. कितीतरी कर्मचारी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आधी तिथेच जातात. गोमेकॉ सरकार चालवतं, आणि तिथे रुग्ण बरा झाला म्हणून वाचलेला दावा कंपनीच्या नफ्यात जमा व्हावा, हे मला पटत नाही. स्वतःचा निधी असेल तर ती बचत निधीतच राहील, पुढच्या वर्षी कोणाच्या तरी डायलिसिसला लागेल.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून ही मागणी करणं बरोबर नाही. आंध्र प्रदेशने 2013 मध्ये कर्मचाऱ्यांची योजना ट्रस्टमार्फत सुरू केली, वर्गणी महिना 90 आणि 120 रुपये. पण त्याच ट्रस्टच्या, गरीब कुटुंबांसाठीच्या आरोग्यश्री योजनेत थकबाकी साचली आणि खासगी इस्पितळांनी अलीकडे एकाहून अधिक वेळा सेवा थांबवली. सरकारने पैसे वेळेवर सोडले नाहीत तर आपल्या कार्डाचंही तेच होईल, आणि पाटल्या पुन्हा तारण पडतील. म्हणून निधीचं खातं वेगळं हवं, त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये, आणि इस्पितळाचं बिल किती दिवसांत फेडायचं हे नियमातच लिहिलेलं हवं.

तक्रारीचंही तसंच. विमा कंपनीने दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी लागते. सरकारच्या स्वतःच्या निधीला यातलं काहीच आपोआप लागू होत नाही. पैसे देणारंही खातं आणि तक्रार ऐकणारंही खातं, असं झालं तर माझ्यासारखाच एखादा कारकून पुन्हा शेरा मारून बिल परत पाठवील. म्हणून हेच तास आपल्या नियमांत घाला, आणि खात्याबाहेरचा डॉक्टर व निवृत्त न्यायाधीश असलेली तक्रार समिती नेमा.

आणि निवृत्तांना पहिल्या दिवसापासून यात धरा. साठीनंतरच इस्पितळाची पायरी जास्त चढावी लागते. वर्गणी द्यायला आमची तयारी आहे, ती पेन्शनमधून कापा.

आपला,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी, डिचोली